ॲपचा कोड हातात नाही, सगळ्या क्वेरी लिटरलवाल्या, कर्सर_शेअरिंग फोर्स करू का?

एकटाच_डीबीए

नमस्कार मंडळी. आमच्याकडे ओरॅकल १९सी आहे, वर बिलिंग आणि डिस्पॅचचं एक विकत घेतलेलं ॲप. ॲप जुनं आहे, व्हेंडरने स्ट्रिंग जोडजोडून क्वेरी बनवल्यात, म्हणजे प्रत्येक बिलाला "सिलेक्ट ... फ्रॉम बिल_डिटेल वेअर बिल_नं = ४४८१२०३ अँड स्टेटस = 'पी'" अशी नवीन क्वेरी येते, व्हॅल्यू थेट मजकुरातच (हेच लिटरल), पुढच्या बिलाला फक्त नंबर वेगळा. बाइंड व्हेरिएबल (मजकुरात व्हॅल्यूसाठी ठेवलेली रिकामी जागा, व्हॅल्यू वेगळी पाठवायची) औषधालाही नाही. संध्याकाळी डिस्पॅचची गर्दी सुरू झाली की सीपीयू छताला, सेशन सगळे "लायब्ररी कॅशे: म्युटेक्स एक्स" नाहीतर "लॅच: शेअर्ड पूल" वर लटकलेले (दोन्ही म्हणजे क्वेरी साठवायच्या मेमरीच्या, शेअर्ड पूलच्या, कुलपासाठी थांबणं), आणि मधूनमधून ओआरए-०४०३१ (शेअर्ड मेमरी मिळाली नाही) पण येतो. माझ्या आधी जो होता त्याने रोज दुपारी शेअर्ड पूल फ्लश करायचा जॉब लावून ठेवलाय, तोच अजून चालू आहे.

व्हेंडरला विचारलं तर म्हणतात पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. मॅनेजर म्हणतात रॅम वाढव. मी वाचलं की कर्सर_शेअरिंग हे सेटिंग एक्झॅक्टचं फोर्स केलं की ओरॅकल स्वतःच लिटरल काढून बाइंड टाकतं आणि क्वेरी परत वापरली जाते. एका जुन्या लेखात सिमिलर वापरा असंही लिहिलंय. तर हे थेट प्रॉडक्शनवर सिस्टिम लेव्हलला फोर्स केलं तर काय काय मोडू शकतं? कोणी केलंय का?

---

खडूस_कोल्हापूरकर

पहिलं म्हणजे सिमिलर विसर. ते ९आयला आलं, ११जीलाच नको म्हणून सांगितलं आणि १२सीपासून काढूनच टाकलं. ज्या कॉलमवर हिस्टोग्राम (कुठली व्हॅल्यू किती वेळा येते त्याची नोंद) असेल तिथे प्रत्येक वेगळ्या व्हॅल्यूला नवा चाइल्ड कर्सर (त्याच क्वेरीची कॅशेमधली वेगळी प्रत) बनायचा, म्हणजे पालक एक आणि पोरं हजार, त्यापेक्षा लिटरल बरे. जुने लेख वाचताना आधी तारीख बघत जा रे बाबा.

दुसरं, फोर्स चालतं. पण सिस्टिम लेव्हलला नको. सविस्तर लिहायचा कंटाळा आलाय, मावशी येतीलच.

---

लॅच_मावशी

आले 🙂

एकटाच, आधी एक गोष्ट कर, मग फोर्सकडे ये. खरंच लिटरलचाच त्रास आहे का ते मोजून घे, कारण म्युटेक्स एक्स दुसऱ्या कारणानेही येतो, उदाहरणार्थ एकाच क्वेरीचे चाइल्ड कर्सर भरमसाट झाले तरी, आणि त्या केसमध्ये फोर्स करून काही हाती लागत नाही, उलट वाढूही शकतं. व्ही$एसक्यूएलएरिया (ओरॅकलचा आतला हिशेब दाखवणारा व्ह्यू) मध्ये फोर्स_मॅचिंग_सिग्नेचर नावाचा कॉलम आहे, तो म्हणजे लिटरल काढून टाकले असते तर क्वेरी कशी दिसली असती त्याचा हॅश. त्याच्यावर ग्रुप बाय कर, काउंट घे, शून्यवाले वगळ (ते पीएल/एसक्यूएल ब्लॉक असतात), शेअरेबल_मेम ची बेरीज पण घे आणि काउंट उतरत्या क्रमाने लाव. पहिल्या पाचदहा ओळींतच चित्र कळतं. एका सिग्नेचरखाली हजारो क्वेरी आणि प्रत्येकीचं एक्झिक्यूशन एकच, असं दिसलं तर तुझं निदान बरोबर. तसं न दिसता व्हर्जन_काउंट मोठा दिसला तर व्ही$एसक्यूएल_शेअर्ड_कर्सर मध्ये बघ पोरं का जन्माला येतायत. आणि व्ही$सिसस्टॅट मधले "पार्स काउंट (हार्ड)" (हार्ड पार्स म्हणजे क्वेरीचा प्लॅन, ती कशी चालवायची ते, पहिल्यापासून बनवणं) आणि "पार्स काउंट (टोटल)" गर्दीच्या आधी एकदा, नंतर एकदा लिहून ठेव, फरक काढ. एडब्ल्यूआरला (ओरॅकलचा तयार परफॉर्मन्स रिपोर्ट) डायग्नोस्टिक पॅकचं लायसन लागतं, नसेल तर स्टॅट्सपॅक, आणि या व्ही$ वाल्या गोष्टी तर तशाही फुकट आहेत.

रॅमबद्दल. तुझ्याकडे होतंय ते असं आहे की रेशनच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक माणसाला दर वेळी नवीन कार्ड काढून द्यायचं, एकदा धान्य द्यायचं आणि कार्ड कपाटात लावून ठेवायचं. कपाट मोठं केलं तर भरायला चार दिवस जास्त लागतील, रांग तेवढीच राहणार, कारण वेळ कार्ड काढण्यात जातोय. शिवाय एसजीए_टार्गेट (सगळ्या शेअर्ड मेमरीचा एकच एकूण आकडा) लावलेलं असेल तर शेअर्ड पूल वाढताना बफर कॅशे (डेटा ठेवायची मेमरी) खातो, मग डिस्कचे रीड वाढतात आणि सगळे म्हणतात स्टोरेज स्लो झालं. फ्लशच्या जॉबचं तर बोलूच नकोस, फ्लश झाला की ज्या चांगल्या क्वेरी होत्या त्यांचंही हार्ड पार्स परत पहिल्यापासून.

आता फोर्स. ते काय करतं तर क्वेरीचा मजकूर आला की त्यातले लिटरल उचलून तिथे :"सिस_बी_०", :"सिस_बी_१" असे सिस्टिमचे बाइंड बसवतं आणि मग कॅशेमध्ये शोधतं. हार्ड पार्स कमी होतो, सॉफ्ट पार्स (कॅशेमध्ये तयार क्वेरी शोधणं) तसाच राहतो, आणि मजकूर चाळून लिटरल बदलायचं काम प्रत्येक वेळी करावंच लागतं. म्हणजे नीट बाइंड लिहिलेल्या ॲपइतकं हे कधीच होणार नाही, पण तुझ्यासारख्या अवस्थेत फरक मोठा पडतो, लॅचवरची गर्दी लगेच ओसरते.

अडचण ही की फोर्सला अक्कल नाही. माणूस बाइंड लिहितो तेव्हा बिल_नं ला बाइंड करतो आणि स्टेटस = 'पी' तसंच ठेवतो, कारण त्या जागी दुसरं काही येणारच नसतं. फोर्स दोन्ही बदलतं. आता तुझ्या टेबलात 'पी' म्हणजे पेंडिंग मूठभर आणि 'सी' म्हणजे क्लोज्ड लाखोंनी असणार, बरोबर? एक्झॅक्टमध्ये ऑप्टिमायझरला (प्लॅन निवडणाऱ्याला) खरी व्हॅल्यू दिसते, हिस्टोग्राम वाचून तो 'पी' ला इंडेक्स आणि 'सी' ला फुल स्कॅन घेतो. फोर्समध्ये पहिल्यांदा जी व्हॅल्यू आली ती डोकावून बघून प्लॅन बनतो आणि नंतरच्यांच्या गळ्यात तोच पडतो. सकाळी सगळ्यात आधी कोणी क्लोज्ड बिलांची यादी मागवली तर दिवसभर पेंडिंगलाही फुल स्कॅन. ११जीपासून ॲडॅप्टिव्ह कर्सर शेअरिंग आहे, ते हे ओळखून वेगळा चाइल्ड बनवतं, पण आधी वाईट अनुभव घेऊन मगच शिकतं, आणि क्वेरीत १४ पेक्षा जास्त बाइंड असले तर त्या भानगडीत पडतच नाही. फोर्समध्ये १४ पार करायला वेळ लागत नाही, कारण प्रत्येक फालतू कॉन्स्टंटही बाइंड झालेला असतो. व्ही$एसक्यूएल मधले इज_बाइंड_सेन्सिटिव्ह आणि इज_बाइंड_अवेअर हे दोन कॉलम बघत राहा.

आणखी काय मोडतं म्हणालास तर, सिलेक्टच्या यादीत लिटरल असतील, म्हणजे सबस्टर(नाव,१,१०) किंवा नुसतंच 'एक्स' ॲज फ्लॅग, तर डिस्क्राइबला दिसणारी कॉलमची कमाल लांबी वाढते. डेटा तोच येतो, पण जुनी क्लायंट ॲप आणि रिपोर्टची टूल ती लांबी बघून कॉलमची रुंदी ठरवतात, मग ग्रिड विस्कटतो, प्रिंट दुसऱ्या पानावर जाते, आणि हा फोन सगळ्यात आधी येतो बरं का, परफॉर्मन्सचा नंतर. फंक्शन बेस्ड इंडेक्स असेल आणि त्याच्या एक्स्प्रेशनमध्ये लिटरल असेल तर तो अजून वापरला जातोय का ते टेस्टवर प्लॅन काढून बघच. पार्टिशन असतील, समजा एप्रिल ते मार्चचं वर्ष धरून, तर प्लॅनमध्ये पार्टिशन नंबरच्या जागी "की" दिसायला लागेल, घाबरू नकोस, प्रूनिंग (नको ती पार्टिशन वगळणं) होतं, पार्सच्या वेळी न होता रनच्या वेळी होतं इतकंच.

आणि एसक्यूएल प्लॅन बेसलाइन (एखाद्या क्वेरीला पक्का करून दिलेला प्लॅन) लावलेल्या असतील तर त्या जुन्या मजकुराला बांधलेल्या आहेत. मजकूर बदलला, एसक्यूएल आयडी बदलला, बेसलाइन लागणार नाही. लोक हे विसरतात आणि मग म्हणतात फोर्सने प्लॅन बिघडवला.

म्हणून खडूस म्हणाला ते बरोबर, सिस्टिमला हात लावू नकोस. ते बिलिंग ॲप ज्या युजरने लॉगिन होतं त्याच्या स्कीमावर आफ्टर लॉगऑन ट्रिगर लिही, आत एक्झिक्यूट इमीजिएट 'ऑल्टर सेशन सेट कर्सर_शेअरिंग = फोर्स', आणि एक्सेप्शन ब्लॉक नक्की टाक, नाहीतर ट्रिगरमध्ये एरर आली तर तो युजर लॉगिनच होणार नाही आणि संध्याकाळी डिस्पॅचवाले तुझ्या टेबलापाशी उभे. कनेक्शन पूल असेल तर जुनी कनेक्शन तोडून नवीन होईपर्यंत फरक दिसणार नाही. रिपोर्टचा युजर वेगळा करता आला तर तो एक्झॅक्टवरच राहू दे, रिपोर्ट दिवसातून दोनदा चालतो, त्याला एक हार्ड पार्स परवडतो आणि चांगला प्लॅन हवाच असतो.

---

जावा_जनार्दन

मावशींचं सगळं मान्य पण मी दुसऱ्या बाजूने बोलतो कारण मी अशा व्हेंडरकडे काम केलंय. "पुढच्या व्हर्जनमध्ये बघू" चा अर्थ कोणालाच त्या फाईल उघडायच्या नाहीत. तुम्ही डीबीए लोकांनी फोर्स केलं की आमचा मॅनेजर म्हणतो चालतंय ना आता, आणि विषय कायमचा बंद. तर फोर्स कर पण व्हेंडरला लेखी दे की ही तात्पुरती सोय आहे, आणि "बाइंड वापरा" असं मोघम लिहू नकोस. ती सिग्नेचरची यादी काढशील ना, त्यातल्या वरच्या दहा क्वेरी नावानिशी दे. दहा जागा बदलायला कोणीही तयार होतो, अख्खं ॲप बदला म्हटलं की एस्टिमेट येतं आणि फाईल बंद होते. आणि बहुतेक वेळा त्या दहांमध्येच निम्म्याहून जास्त लोड असतो.

अजून एक, सुरक्षेचं. फोर्समुळे एसक्यूएल इंजेक्शन थांबत नाही. मला एका मीटिंगमध्ये कोणीतरी छातीठोकपणे सांगितलं होतं की आता डेटाबेसच बाइंड करतोय म्हणजे आपण सेफ. अरे, डेटाबेसपर्यंत पोचेपर्यंत स्ट्रिंग जोडून झालेली असते, कोणी कोट टाकून पुढे "ऑर १ = १" घुसवलं असेल तर ओरॅकल त्या १ आणि १ चेसुद्धा इमानदारीत बाइंड करून देईल.

आणि जावावाल्यांना, प्रिपेअर्डस्टेटमेंट वापरलं म्हणजे बाइंड झालं असं नाही. मी कोड बघितलाय, प्रिपेअर_स्टेटमेंट च्या आत प्लस प्लस करून स्ट्रिंग जोडलेली आणि प्रश्नचिन्ह एकही नाही. पायथनवाले एफ-स्ट्रिंगमध्ये हेच करतात.

---

खडूस_कोल्हापूरकर

जनार्दनराव, व्हेंडर लोक पत्र वाचतात हे आजच कळलं.

---

एसक्यूएल_सर्व्हरवाला

थोडं अवांतर, पण आमच्याकडे हाच रोग आहे फक्त नाव वेगळं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेटाबेस लेव्हलला पॅरामीटरायझेशन सिंपल असतं, ते अगदी सोप्या क्वेरी तेवढ्या स्वतः पॅरामीटराइज करतं, फोर्स्ड केलं की जवळपास सगळ्या. त्याशिवाय २००८ पासून "ऑप्टिमाइझ फॉर ॲड हॉक वर्कलोड्स" आहे, त्यात क्वेरी पहिल्यांदा आली की अख्खा प्लॅन न ठेवता एक छोटी खूण ठेवतात आणि दुसऱ्यांदा आली तरच प्लॅन ठेवतात. याने मेमरी वाचते पण कंपाइलचा सीपीयू वाचत नाही, हे लोक नेहमी गल्लत करतात. बाकी पॅरामीटर स्निफिंगची (पहिल्या व्हॅल्यूवरून प्लॅन ठरण्याची) रडगाणी दोन्हीकडे सारखीच. एका युजरपुरतं फोर्स करायची तुमची सेशनवाली सोय मात्र आमच्याकडे नाही, आम्ही एखाद्या क्वेरीपुरतं हवं असेल तर प्लॅन गाइडचं टेम्प्लेट लावतो.

पोस्टग्रेसमध्ये काय करतात कोणाला माहीत आहे का? आमच्याकडे नवीन मॉड्यूल तिकडे चाललंय.

---

निळा_हत्ती

पोस्टग्रेसमध्ये हा प्रश्न या रूपात येतच नाही, कारण सगळ्या सेशनमध्ये मिळून वापरायचा प्लॅन कॅशेच नाही. जी क्वेरी येईल तिचा प्लॅन तिथेच बनतो आणि वापरून टाकून दिला जातो, त्यामुळे लिटरलने कुठलं कपाट भरत नाही आणि लॅचसाठी मारामारीही नाही. प्लॅनिंगचा खर्च मात्र दर वेळी. तो वाचवायचा तर प्रिपेअर्ड स्टेटमेंट, आणि ते त्या त्या सेशनपुरतंच. पहिल्या ५ वेळा खऱ्या व्हॅल्यू बघून प्लॅन बनवतो, नंतर जेनेरिक (व्हॅल्यू न बघता बनवलेला) प्लॅन फार महाग पडत नसेल तर त्यावर जातो. व्हर्जन १२ पासून प्लॅन_कॅशे_मोड ने ते जबरदस्तीने ठरवता येतं. पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स लिटरलच्या जागी $१ $२ दाखवतं ते फक्त मोजणीसाठी असतं, ते बघून आपल्या क्वेरी पॅरामीटराइज होतायत असं समजू नका.

---

एकटाच_डीबीए

सगळ्यांचे आभार, मावशी तुमचे तर विशेष. सिग्नेचरची क्वेरी चालवली. वरच्या चार सिग्नेचरमध्येच शेअर्ड पूलचा बराचसा भाग अडकलाय, सगळ्यांचं एक्झिक्यूशन १. म्हणजे निदान बरोबर होतं. टेस्टवर त्या युजरचा लॉगऑन ट्रिगर लावला, जुन्या लोडची क्वेरी फाईल होती ती परत चालवली, हार्ड पार्स एकदम खाली आला, व्ही$एसक्यूएल मध्ये सिस_बी_ वाल्या क्वेरी दिसतायत आणि त्यांचं एक्झिक्यूशन वाढतंय. आणि हो, डिस्पॅच स्लिपच्या ग्रिडचा एक कॉलम खरंच रुंद झाला 😅 त्या क्वेरीत 'वाय' ॲज प्रिंटेड असं काहीतरी आहे.

दोन शंका. एक म्हणजे स्टेटसवाल्या एका क्वेरीचा प्लॅन मावशींनी सांगितला तसाच घसरला, ती ॲपमध्ये आहे त्यामुळे हिंट (ऑप्टिमायझरला क्वेरीतच दिलेली सूचना) टाकता येत नाही. दुसरं, पाच नंबरची एक सिग्नेचर आहे म्हणण्यापेक्षा सिग्नेचरचा एक कळपच आहे, क्वेरी तीच, आयटम_कोड इन (...) आणि कंसात कधी ३ कोड कधी ४० कोड. त्या फोर्स करूनही वेगवेगळ्याच राहिल्यात.

---

लॅच_मावशी

छान केलंस.

ग्रिडचा कॉलम क्लायंटच्या सेटिंगमध्ये रुंदी फिक्स करता येते का बघ, नाहीतर ती एक क्वेरी व्हेंडरच्या यादीत. त्या एका क्वेरीत कर्सर_शेअरिंग_एक्झॅक्ट ची हिंट टाकली तरी पुरतं, कोड व्हेंडरच्या हातात आहे म्हटल्यावर हेही त्यांनाच सांगावं लागेल.

स्टेटसची क्वेरी. बिलिंगच्या युजरकडून 'सी' वाली क्वेरी कधी कामाची म्हणून येते का, की ती फक्त कोणीतरी जुनी बिलं शोधतं तेव्हाच? तसं असेल तर पेंडिंगला जो इंडेक्सवाला प्लॅन बरा तोच पक्का करून टाक, बेसलाइनने, आता सिस_बी_ वाल्या नव्या मजकुरावर. जुनी बिलं शोधणारा थोडा थांबेल, थांबू दे. दोन्ही तितकेच महत्त्वाचे असतील तर एसक्यूएल पॅचने बाइंड_अवेअर ची हिंट बाहेरून चिकटवता येते, कोडला हात न लावता, मग ते वाईट अनुभवाची वाट न बघता पहिल्यापासून व्हॅल्यू बघून चाइल्ड निवडतं. डीबीएमएस_एसक्यूएलडायग मध्ये आहे ते. हिस्टोग्राम मात्र त्या कॉलमवर हवाच, नाहीतर अवेअर होऊन करणार काय.

आणि उलट्या बाजूने, आयडी, बिल नंबर अशा ज्या कॉलमवर डेटा सारखाच पसरलाय तिथे ऑटोने हिस्टोग्राम बनले असतील तर ते काढून टाकायचा विचार कर, स्टॅट्स घेताना साइज १ देऊन. उगाच बाइंड सेन्सिटिव्ह होऊन चाइल्ड वाढतात.

इन लिस्टचं फोर्सकडे उत्तर नाही. ३ कोड म्हणजे तीन सिस_बी, ४० म्हणजे चाळीस, मजकूरच वेगळा, सिग्नेचरही वेगळी.

---

जावा_जनार्दन

इन लिस्टचं उत्तर ॲपमध्येच. एक तर कोडची यादी कलेक्शन म्हणून एकाच बाइंडमध्ये पाठवायची आणि टेबल() शी जॉइन करायचा, तेव्हा कार्डिनॅलिटीचा (किती ओळी येतील त्याचा) अंदाज चुकतो तेवढं बघायचं. ते जमत नसेल तर यादी ४, ८, १६, ३२ अशा मापात भरून काढायची, शेवटचाच कोड परत परत टाकून, उत्तर बदलत नाही आणि चाळीस प्रकारांऐवजी पाचसहा प्रकार उरतात. हायबरनेटला (जावाची क्वेरी बनवून देणारी लायब्ररी) यासाठी तयार सेटिंग आहे, इन क्लॉजचं पॅडिंग. जुन्या ॲपमध्ये स्ट्रिंग जोडणारं एकच फंक्शन असतं बहुतेक, तिथे ही चार ओळींची भर आहे. व्हेंडरला ही ओळ जशीच्या तशी पाठव.

---

खडूस_कोल्हापूरकर

आणि तो दुपारचा फ्लशचा जॉब बंद केलास का नाही?

---

एकटाच_डीबीए

प्रॉडक्शनला ट्रिगर रविवारी लावतोय, जॉब त्याच चेंजमध्ये बंद करायचा टाकलाय. मॅनेजरनी सही केली, रॅमची पीओ पण केलीये म्हणे, ती काही मागे घेत नाहीत.